वेग आणि स्थैर्य : फिरत्या वर्कस्टेशनचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बनशंकरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी किंचित संस्कारित केलेला मजकूर.)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शहाजीराजांचे बंगळूर असे भारदस्त विषय होऊन गेल्यावर लॅपटॉपमधील प्रोसेसरविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडेसे धारिष्ट्याचे काम आहे. तरीही चालकांनी हा विषय आग्रहाने सुचविला आणि त्यास कारण आहे. आपल्यापैकी जी पिढी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बंगळुरास आली, ती बव्हंशी एच.ए.एल., बी.ई.एल., एच.एम.टी., आय.टी.आय. अशा कारखान्यांत, बँकांत आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत नोकरीसाठी आली. त्या पिढीचे हत्यार कारखान्याच्या मालकीचे असे. संध्याकाळी भोंगा झाला की ते तेथेच ठेवून माणूस घरी येई. त्यांच्या मुलानातवंडांचे हत्यार मात्र घरी येते, जेवणाच्या टेबलावर उघडते आणि पुष्कळदा घरच्या पैशानेच विकत घ्यावे लागते. दीड-दोन लाखांपासून चार-पाच लाखांपर्यंत त्याची किंमत जाते. एवढ्या पैशात एके काळी सांगली-बेळगावकडे घर उभे राहत असे. तेव्हा हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. तो घरखर्चाचा, आणि काही घरांत तर पोटापाण्याचा विषय आहे.

ज्याला व्यापारी भाषेत मोबाइल वर्कस्टेशन म्हणतात ते नेमके काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. पत्रे लिहिणे, सिनेमा पाहणे, बँकेचे व्यवहार करणे यांसाठी जो लॅपटॉप लागतो तो निराळा. पुलाच्या कमानीवर किती भार येईल, यंत्राचा एखादा भाग कोठे तडकेल, रुग्णाच्या शरीरातील रक्तप्रवाह कसा वाहतो, असे हिशेब तासन्तास करणारे यंत्र ते वर्कस्टेशन. पूर्वी ते कचेरीच्या कोपऱ्यात कपाटाएवढी जागा अडवून बसलेले असे. आता ते पाठीवरच्या पिशवीत मावते. डेलचे प्रिसिजन, एच.पी.चे झेडबुक, लेनोव्होच्या थिंकपॅडची पी मालिका ही नावे आपल्या मुलांच्या तोंडी आपण ऐकली असतील. या यंत्रांचा विशेष म्हणून जे सांगितले जाते त्यात दोन गोष्टी एका दमात उच्चारल्या जातात : प्रचंड वेग आणि संपूर्ण भरवसा. या दोन गोष्टी एकमेकींशी पूर्णपणे गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. मला आज जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : खोक्यावर छापलेला वेग हा क्षणाचा वेग आहे आणि आपले काम तासांचे आहे. या दोहोंतील अंतर जो ग्राहक ओळखीत नाही, तो वेगाचे पैसे मोजून अस्थैर्य घरी आणतो.

हे असे का व्हावे, याचे मूळ पदार्थविज्ञानात आहे. प्रोसेसर म्हणजे अब्जावधी सूक्ष्म बटणांचा समूह. प्रत्येक बटण चालू-बंद होताना थोडीशी वीज खर्च करते आणि ती सर्व अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही वीज किती, याचा ढोबळ नियम असा की ती बटणांच्या चालू-बंद होण्याच्या गतीच्या प्रमाणात वाढते, आणि विद्युतदाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता गोम अशी आहे की गती वाढवावयाची तर दाबही वाढवावा लागतो. दाब अपुरा पडला तर बटण वेळेत उलटत नाही आणि एकाच्या जागी शून्य वाचले जाते. समजा, गती एक-पंचमांशाने वाढविली आणि तिच्यासाठी दाबही तितकाच वाढवावा लागला, तर विजेचा खर्च १.२ चा घन, म्हणजे सुमारे पावणेदोन पट होतो. वीस टक्के वेगासाठी त्र्याहत्तर टक्के जास्त वीज आणि तितकीच जास्त उष्णता! मोठा जाळ केला म्हणून भाकरी त्या मानाने लवकर होत नाही, ती करपते मात्र. हे आपल्या माताभगिनींना कोणत्याही सूत्रावाचून ठाऊक आहे.

पूर्वी हा जाच नव्हता. बटणे जसजशी लहान होत गेली तसतसा त्यांना लागणारा दाबही कमी होत गेला, त्यामुळे वेग वाढूनही उष्णता आटोक्यात राहिली. आय.बी.एम.चे रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली हा नियम मांडला आणि पुढे तीस वर्षे संगणकाचा सारा उद्योग त्या पुण्याईवर जगला. २००५ च्या आसपास ती पुण्याई संपली. दाब आणखी खाली येईना. इंटेल कंपनी त्या सुमारास पेंटियम ४ च्या पुढचा एक अतिवेगवान प्रोसेसर तयार करीत होती. त्याचे सांकेतिक नाव ‘तेजस’ असे होते. नाव आपल्या कानाला ओळखीचे, आणि दुर्दैवाने सार्थही. कारण त्याच्या उष्णतेला आवर घालता येईना, आणि मे २००४ मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला. एकाच घोड्याला अधिकाधिक चाबूक मारण्याचे धोरण तेथे संपले आणि एका चकतीवर अनेक मध्यम गतीचे गाभे, म्हणजे कोअर, बसविण्याचे धोरण सुरू झाले. या नव्या वाटचालीत आपल्या गावाचाही वाटा आहे. २००८ साली बाजारात आलेला इंटेलचा सहा कोअरचा झिऑन ७४०० हा प्रोसेसर बंगळुरातील अभियंत्यांनी घडविला होता.

अनेक सामान्य गतीच्या प्रोसेसरांकडून मिळून असामान्य काम करून घेण्याचा धडा आपण मराठी मुलखात त्याआधीच गिरविला होता, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मोठा महासंगणक परदेशातून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर एकमेकांस जोडलेले होते. त्यांपैकी एकेकटा प्रोसेसर काही जगाला थक्क करणारा नव्हता. त्यांची जोडणी मात्र करणारी होती.

आता लॅपटॉपकडे वळू. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला इंटेलचा कोअर आय-९ १३९५०एच.एक्स. हा प्रोसेसर घ्या. डेलच्या प्रिसिजनसारख्या फिरत्या वर्कस्टेशनांत तो बसविला गेला. त्यात २४ कोअर आहेत. जाहिरातीत त्याचा वेग ५.५ गिगाहर्ट्झ असा दिसेल. तो खोटा नाही, परंतु तो एखाद-दोन कोअरनी, थंड अवस्थेत, थोडा वेळ गाठावयाचा वेग आहे. त्याच प्रोसेसरच्या मोठ्या कोअरचा पायाभूत वेग २.२ गिगाहर्ट्झ आहे. विजेचेही तसेच : पायाभूत खर्च ५५ वॅट, कमाल खर्च १५७ वॅट. आपल्या जुन्या घरांतला साठ वॅटचा पिवळा दिवा आठवा. तो तासभर पेटल्यावर त्याला हात लावण्याची कोणाची छाती होत नसे. तसा एक दिवा अखंड जळत ठेवणे निराळे, आणि अडीच दिवे एका पुस्तकाएवढ्या पेटीत कोंबून ती मांडीवर घेणे निराळे. शिवाय त्याच पेटीत चित्रांसाठीचा दुसरा मोठा प्रोसेसर असतो आणि दोघांची उष्णता पुष्कळदा त्याच तांब्याच्या नळ्यांतून, त्याच दोन पंख्यांनी बाहेर काढावयाची असते.

त्यामुळे घडते ते असे. काम सुरू झाले की प्रोसेसर कमाल वीज घेऊन धावतो. कंपनीने ठरविल्याप्रमाणे काही सेकंद, फार तर एखाद-दोन मिनिटे, हा उत्साह टिकतो. मग चकतीचे तापमान शंभर अंशांच्या घरात येते, आत बसविलेला पहारेकरी जागा होतो आणि वेग खाली ओढला जातो. हा दोष नसून सुरक्षेची व्यवस्था आहे. तो पहारेकरी नसता तर चकती जळाली असती. पण दुकानात दाखविलेली चाचणी त्या पहिल्या दोन मिनिटांची असते आणि आपले काम उरलेल्या सहा तासांचे. पंढरीच्या वारीत पहिल्या फर्लांगात कोण पुढे गेला याची नोंद कोणी ठेवीत नाही.

कधी कधी हा पहारेकरी स्वतःच चुकतो. जुलै २०१८ मध्ये ॲपलचा नवा मॅकबुक प्रो, कोअर आय-९ प्रोसेसर असलेला, बाजारात आला आणि काही दिवसांतच अशी ओरड झाली की जड कामात तो अपेक्षेपेक्षाही फार मंदावतो. कंपनीने तपास करून मान्य केले की उष्णता आवरणाऱ्या अंतर्गत आज्ञावलीत एक अंकीय किल्ली राहून गेली होती, आणि त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. यंत्र तेच, प्रोसेसर तोच, केवळ आज्ञावली बदलल्याने त्याची चाल सुधारली. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की लॅपटॉपचा वेग हा एकट्या प्रोसेसरचा गुण नाही. नळ्या, पंखे, पेटीची जाडी, आज्ञावली आणि चार्जर या साऱ्यांचा तो संसार आहे. एकच प्रोसेसर जाड पेटीत एक गाणे गातो आणि पातळ पेटीत दुसरेच.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. मुलगी स्थापत्य अभियंता, बनशंकरीतच राहते. उंच इमारती भूकंपाच्या हादऱ्यात कशा वागतील याचे हिशेब घरी बसून करते. वडिलांनी निवृत्तीच्या रकमेतून तिला एक अत्यंत पातळ, अत्यंत वेगवान आणि अत्यंत महाग यंत्र घेऊन दिले. हिशेब रात्री लावून द्यावयाचा आणि सकाळी उत्तर पाहावयाचे, असा तिचा क्रम. उत्तराच्या जागी सकाळी निळा पडदा दिसू लागला. कधी दुसऱ्या तासाला, कधी पाचव्या. विक्रेत्याकडे यंत्र तीनदा गेले आणि तीनदा ‘निर्दोष’ असा शेरा घेऊन परत आले. कारण त्यांची चाचणी दहा मिनिटांची होती, आणि दहा मिनिटांत यंत्र खरोखरच निर्दोष होते. इकडे मुलीच्या कामाच्या मुदती टळू लागल्या. घरात बोलणे कमी झाले. वडिलांना वाटे, आपण पैसे घालविले; मुलीला वाटे, आपल्याला वापरता येत नाही. अखेर उपाय झाला तो अगदी साधा. यंत्राच्या मूळ आज्ञावलीची, म्हणजे बायोसची, नवी आवृत्ती घातली, प्रोसेसरने सलग किती वीज घ्यावी याची मर्यादा खाली आणली आणि यंत्र गादीवरून उचलून लाकडी घडवंचीवर ठेवले. पहिल्या मिनिटाचा वेग कमी झाला. रात्रीचा हिशेब मात्र सकाळी पूर्ण झालेला दिसू लागला. जे काम पाचव्या तासाला कोसळून पुन्हा पहिल्यापासून करावे लागते त्याचा वेग किती, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

निळा पडदा हा मात्र सज्जन शत्रू आहे. तो समोरून येतो. खरे भय दुसऱ्या प्रकारच्या अस्थैर्याचे, ज्यात यंत्र थांबत नाही, कुरकुरत नाही, आणि चुकीचे उत्तर शांतपणे हाती देते. याचे प्रसिद्ध उदाहरण पेंटियमचे. या प्रोसेसरच्या निर्मितीत अग्रभागी असलेले विनोद धाम हे जन्माने पुण्याचे, म्हणून त्याविषयी आपल्याला थोडा आपलेपणा वाटावा. १९९३ साली पेंटियम आला तेव्हा त्याच्या वेगवान भागाकाराची मोठी वाहवा झाली. तो भागाकार एका अंतर्गत कोष्टकाच्या साहाय्याने होत असे. त्या कोष्टकातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना १९९४ साली आपल्या आकडेमोडीत विसंगती दिसली. त्यांनी संशयाचा माग सोडला नाही आणि दोष थेट प्रोसेसरपर्यंत पोचविला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता १.३३३८२ यावयास हवे, तेथे ते यंत्र १.३३३७४ देत होते. कंपनीने प्रथम सांगितले की सामान्य ग्राहकाला अशी चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल. ग्राहकांचे समाधान झाले नाही. डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर करावे लागले आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लक्ष डॉलरचा भार कंपनीने आपल्या हिशेबात धरला. माझ्या मते ग्राहकांचेच बरोबर होते. पंचांग चुकीचे निघाले तर ते वर्षातून किती दिवस चुकते हा प्रश्न गौण ठरतो.

पेंटियमचा दोष आराखड्याचा होता. प्रत्येक नगात सारखा. आजचा दोष अधिक लपाछपी खेळणारा आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले की त्यांच्या हजारो यंत्रांच्या ताफ्यात काही थोडे कोअर असे आढळतात, जे विशिष्ट आकडेमोड अधूनमधून चुकवितात आणि ती चूक कोठेही नोंदली जात नाही. चकत्यांना वार्धक्य येते, हाही भाग आहे. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या मेजावरील संगणकांचे प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर डळमळू लागल्याचा बोभाटा झाला. कंपनीने त्याची कारणमीमांसा केली ती मोठी उद्बोधक आहे. कोअरला ताल देणाऱ्या मंडलाचा एक भाग अधिक दाब आणि अधिक तापमान यांखाली अकाली जीर्ण होत होता, आणि काही प्रसंगी प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त दाब मागत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडची जी दुरुस्ती आली तिने हा दाब १.५५ व्होल्टच्या वर जाऊ न देण्याची तजवीज केली, आणि बाधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविण्यात आली. परंतु जी चकती आधीच झिजली होती तिला या दुरुस्तीने तारुण्य येणार नव्हते. ती बदलूनच घ्यावी लागे. लॅपटॉपमधील प्रोसेसरांना या विशिष्ट दोषाची बाधा नाही, असे कंपनीने स्पष्ट केले, आणि ते येथे नमूद केले पाहिजे. पण नियम सर्वांना लागू आहे : अखेरचा पाच टक्के वेग ज्या दाबाने काढावा लागतो, तो दाब चकतीच्या आयुष्यातून वसूल होतो.

आपली तरुण मंडळी यावर एक तोड काढतात. दाब वाढविण्याऐवजी ती तो हलकेच कमी करतात. कारखाना प्रत्येक चकतीला थोडा सुरक्षित, म्हणजे गरजेहून किंचित अधिक, दाब नेमून देतो. तो जरा खाली आणला तर उष्णता घटते आणि वेग टिकतो. कल्पना चतुर आहे आणि पुष्कळ यंत्रांत ती साधतेही. मात्र डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की दाब मुद्दाम खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातील आकडेमोड चुकविता येते आणि त्यायोगे गुपिते काढता येतात. ‘प्लंडरव्होल्ट’ असे त्या प्रकाराचे नामकरण झाले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी दाबाची ही कळ बायोसमध्येच कुलूपबंद केली. तरुण मंडळी यावर चिडली. मला ती चीड समजते, पण पटत नाही. खेळ खेळण्याच्या यंत्रावर कोणी काहीही करावे. ज्या यंत्राच्या उत्तरावर कोणाच्या तरी घराचा खांब उभा राहणार आहे, त्याच्या चकतीला कारखान्याने दिलेला सुरक्षिततेचा समास आपण खाऊ नये. विजेची मर्यादा खाली आणणे आणि दाब खाली आणणे यांत फरक आहे. पहिल्यात यंत्र सावकाश चालते, दुसऱ्यात ते कडेवरून चालते.

स्थैर्यासाठी वेग किती सोडावा, याचे टोकाचे उदाहरण अंतराळात सापडते. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या अमेरिकन गाडीचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झने चालतो. आपल्या खिशातील फोन त्याहून कितीतरी वेगवान आहे. आपल्या इस्रोच्या अग्निबाणांत २००९ पासून सोळा बिटांचा ‘विक्रम १६०१’ काम करीत आला, आणि २०२५ साली चंदीगडच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीने १८० नॅनोमीटरच्या, म्हणजे आजच्या मानाने बऱ्याच जुन्या पद्धतीने घडविलेला बत्तीस बिटांचा ‘विक्रम ३२०१’ इस्रोच्या हाती दिला. यात मागासलेपण पाहणारे पाहोत. अग्निबाण उडाल्यावर बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करावयास तेथे कोणी नसते. गंमत अशी की त्याच मंगळगाडीबरोबर गेलेल्या ‘इन्जेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरमध्ये फोनमध्ये वापरतात तसला साधा, पण वेगवान प्रोसेसर होता. त्याच्याकडून पाच उड्डाणांची अपेक्षा होती. २०२४ च्या जानेवारीपर्यंत त्याने बहात्तर केली. वेगवान प्रोसेसर भरवशाचा असूच शकत नाही, असे म्हणणारांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र तेथे त्या प्रोसेसरच्या जोडीला उड्डाण सांभाळणारी निराळी, अधिक सावध यंत्रणा बसविलेली होती.

आपल्याला मंगळावर जावयाचे नाही, कनकपुरा रस्त्याच्या अलीकडेच राहावयाचे आहे. तेव्हा थोडे स्थानिक बोलतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच आहे. येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ, म्हणजे पंखा तितकाच फिरला तरी तो तितकी उष्णता वाहून नेत नाही. उलट येथील खोली मुंबईच्या खोलीपेक्षा बहुतेक दिवस काही अंशांनी थंड असते. दोन्ही हिशेब जवळजवळ फिटतात. फिटत नाही ती धूळ. ज्या वेगाने आपल्या भागात बांधकामे चालली आहेत, त्या वेगाने पंख्याच्या जाळीत धूळ बसते. वर्षातून एकदा ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी, आणि तीन-चार वर्षांनी प्रोसेसर व तांब्याची नळी यांमधील वाळलेला लेप बदलावा. शेकड्यांत होणाऱ्या या खर्चाने जे साधते ते पुष्कळदा नवे यंत्र घेऊनही साधत नाही. दुसरे, वीज गेली की फिरते वर्कस्टेशन बॅटरीवर जाते आणि त्याचा वेग त्याच क्षणी बराच उतरतो. कारण दोनशे वॅटच्या चार्जरचे काम बॅटरीला झेपत नाही. रात्रीचा हिशेब लावणाऱ्यांनी याचा बंदोबस्त करावा.

आता खरेदी. मला नेहमी विचारतात, “काका, आय-९ घेऊ की आय-७?” माझे उत्तर असे की आधी पेटी पाहा, मग प्रोसेसर. एकाच मालिकेतील जाड यंत्रातला खालच्या पायरीचा प्रोसेसर लांबच्या कामात पातळ यंत्रातल्या वरच्या पायरीच्या प्रोसेसरला मागे टाकतो, हे वारंवार दिसते. शक्य असेल तर दुकानात स्वतःचे काम घेऊन जा आणि ते तासभर लागोपाठ चालवा. पहिल्या खेपेस किती वेळ लागला आणि अखेरच्या खेपेस किती, हे दोन आकडे वहीत लिहा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्यावा. आपण ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो त्याच्या कंपनीने त्या यंत्राला प्रमाणपत्र दिले आहे काय, हेही विचारावे. त्या प्रमाणपत्रामुळे वेग वाढत नाही, परंतु गाडे अडले असता दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवीत नाहीत. आणि ज्यांच्या आकडेमोडीवर माणसांचा जीव अवलंबून आहे त्यांनी चूक दुरुस्त करणाऱ्या मेमरीची, ई.सी.सी.ची, चौकशी जरूर करावी. तीत दर चौसष्ट बिटांमागे आठ बिटे केवळ पडताळ्यासाठी ठेवलेली असतात. एक बीट उलटले तर ती दुरुस्त करते, दोन उलटली तर निदान सांगते. २०१५ साली लेनोव्होच्या पी-५० आणि पी-७० यांबरोबर झिऑन प्रोसेसर आणि ही मेमरी लॅपटॉपमध्ये आली. त्यापूर्वी ती सर्व्हर आणि मेजावरील वर्कस्टेशन यांची मिरासदारी होती. आजही ती प्रत्येक फिरत्या वर्कस्टेशनमध्ये असतेच असे नाही. नावावर जाऊ नये.

ज्यांनी यंत्र आधीच घेतले आहे त्यांनीही निराश होऊ नये. विंडोजच्या वीज-व्यवस्थेत प्रोसेसरच्या कमाल स्थितीचा आकडा शंभर असतो. तो नव्व्याण्णव केला की बहुतेक इंटेल यंत्रांत वरचा जोरकस वेग बंद होतो आणि यंत्र पायाभूत वेगाच्या आसपास शांतपणे चालू लागते. हा उपाय जरा कठोर आहे, वेगाचा मोठा वाटा त्यात जातो. पण यंत्र कशाने कोसळते याचे निदान करावयास याच्याइतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही. नव्व्याण्णववर रात्रभर टिकले आणि शंभरवर कोसळले, तर रोग उष्णतेचा किंवा दाबाचा आहे असे समजून पुढे चालावे. नव्व्याण्णववरही कोसळले, तर मेमरीकडे किंवा सॉफ्टवेअरकडे पाहावे. ही एका रात्रीची नोंद घेऊन जो ग्राहक विक्रेत्याकडे जातो, त्याला ‘निर्दोष’ असा शेरा देऊन परत पाठविणे कठीण जाते.

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्षमहाराज करीत आहेत. मंडळाच्या ग्रंथालयाच्या खोलीत येत्या रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून मी आणि आमचे दोन तरुण सहकारी बसणार आहोत. ज्यांना आपले यंत्र तपासून पाहावयाचे असेल त्यांनी ते घेऊन यावे. तास-दीड तास मोडेल, तेव्हा वाचावयास काही आणावे. चार्जर मात्र विसरू नये.